५ नोव्हेंबर १८९९ : वेढ्यातून धावणारी रुग्णगाडी

दक्षिण आफ्रिकेतल्या लेडीस्मिथ गावाला बोअर (डच वंशाच्या वसाहतकरी) फौजेचा वेढा पडताच ब्रिटिश सेनापती सर जॉर्ज व्हाइट यांनी शत्रूचे सेनापती पीट जुबेर यांना पत्र धाडले : आजारी, जखमी आणि नागरिकांना दक्षिणेकडे जाऊ द्या. जुबेर यांनी नकार दिला. मात्र गावाबाहेर इंटोंबी येथे तटस्थ इस्पितळ-छावणी उभारू दिली. ५ नोव्हेंबरला रुग्ण तिकडे हलू लागले. पुढे पांढरे निशाण लावलेली आगगाडी रोज एकदा रुग्ण आणि सामान घेऊन जाई, तीही बुलवाना टेकडीवरच्या बोअर तोफांच्या टप्प्यातून. शत्रूची ही सवलत खरोखर मोठी होती. पण औषधे यायची ती वेढलेल्या गावाच्या आटत चाललेल्या साठ्यातूनच. २८ फेब्रुवारी १९०० रोजी वेढा उठेपर्यंत विषमज्वर आणि हगवणीने शेकडो माणसे दगावली.