तारेच्या खांबामागचा कारभार



आपल्या उंद्रीपासून खामगाव काही फार लांब नाही. या भागातील कापूस पिढ्यान्‌पिढ्या तिकडच्या बाजारात गेला. पण त्या बाजाराचा एक इतिहास आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मँचेस्टर-लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांचे लक्ष वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळले. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला. मार्च १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले आणि जलंबहून खामगावला येणाऱ्या लोहमार्गाचे त्यांच्या हस्ते उद्घाटन झाले. त्याच वर्षी मुंबई ते सुएझ अशी तार समुद्राच्या तळातून टाकण्यात आली व मुंबई लंडनशी जोडली गेली. पूर्वी जी बातमी बोटीने यायला आठवडे लागत, ती आता फार तर दिवसांत येऊ लागली. लिव्हरपूलचा भाव खामगावच्या अडत्याला कळू लागला.

आता विचार करा, हा भाव आपल्या पणजोबांना कळला का? नाही. तार सरकारी होती आणि पैसे भरणाऱ्या कोणालाही ती करता येत होती, हे खरे. पण तिचा दर शब्दांवर होता, भाषा इंग्रजी होती, कचेरी बाजारपेठेत होती. ज्याच्याजवळ पैसा, भाषा आणि कचेरीची ओळख होती त्याला भाव आधी कळला. बैलगाडीत कापूस घालून आलेल्या कास्तकाराला मात्र अडत्या सांगेल तोच भाव. यंत्र सर्वांचे, पण त्याचा कारभार मोजक्यांचा, ही गोष्ट तेव्हापासूनची आहे. या लेखात मला यंत्राविषयी फारसे सांगायचे नाही. सांगायचे आहे ते त्यामागच्या कारभाराविषयी, आणि हा कारभार आज विद्यापीठात रीतसर शिकवला जातो याविषयी. आपल्याकडे मूल हुशार असले की डॉक्टर किंवा इंजिनिअर, मध्यम असले की डी. एड., बी. एड., एवढ्यावर विचार थांबतो. (मी स्वतः बी. एड. असल्याने हे बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे.)

तारेचा आरंभ कलकत्त्याचा. ओशॉनेसी नावाच्या डॉक्टराने तेथे १८३९ मध्ये तारेचे प्रयोग केले आणि पुढे १८५० नंतर कंपनी सरकारने त्याच्याच हातून देशभर खांब उभे करविले. दूरध्वनीचे तसे नव्हते. १८८१ साली सरकारने तो खाजगी कंपनीकडे सोपविला आणि १८८२ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे एक्स्चेंज उघडली. कंपनीला फायदा पाहायचा होता, म्हणून फोन शहरात राहिला. पुढे १८८५ चा तार कायदा आला. तो इतका चिवट निघाला की मोबाइल आला, इंटरनेट आले, तरी देशाचा कारभार त्याच कायद्याखाली चालत राहिला. त्याची जागा घेणारा दूरसंचार कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला. आणि ज्या तारेचे नाव त्या कायद्याला होते ती तार त्याआधीच, जुलै २०१३ मध्ये, बंद झाली होती. 'तार आली' हे शब्द ऐकताच घरातल्या बायका रडू लागत, हे आजच्या मुलांना सांगून पटत नाही.

रेडिओची कथा अधिक बोधक आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत 'इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी'चे केंद्र सुरू झाले आणि पुढच्याच महिन्यात कलकत्त्याचे. कंपनी खाजगी होती. यंत्रे चांगली होती, गाणारे-वाजविणारे मुंबईत कमी नव्हते. उत्पन्नाचा मुख्य मार्ग एकच: रेडिओ बाळगणाऱ्याने वर्षाला दहा रुपये परवाना-फी द्यायची आणि तिचा मोठा हिस्सा कंपनीला मिळायचा. पण रेडिओ संचच इतके महाग होते की ते घेणारे थोडे, आणि घेणाऱ्यांतही परवाना न काढणारे पुष्कळ. शिवाय दोनच केंद्रे. त्यांचा आवाज दूरच्या जिल्ह्यांत नीट पोहोचत नसे. ऐकणारे वाढल्याशिवाय पैसा नाही आणि पैसा आल्याशिवाय केंद्रे वाढत नाहीत, अशा पेचात कंपनी सापडली. तीन वर्षांच्या आतच, १९३० मध्ये, तिचे दिवाळे वाजले आणि सरकारला ती सेवा आपल्याकडे घ्यावी लागली. १९३६ पासून ती 'ऑल इंडिया रेडिओ' झाली. उर्दूचे विनोदी लेखक म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते पतरस बुखारी पुढे या संस्थेचे प्रमुख होते. आपल्या विदर्भात नागपूर केंद्र १९४८ साली आले.

पाहा, त्या कंपनीत इंजिनिअर नव्हते असे नाही, कलावंत नव्हते असेही नाही. उणीव होती ती या दोघांच्या मध्ये बसून हिशेब मांडणाऱ्याची: श्रोते किती, ते पैसे कसे देतील, केंद्र कोठे उभारावे, सरकारकडून कोणत्या अटी मागून घ्याव्यात. असा मनुष्य घडविणारी शाळाच त्या काळी नव्हती.

शाळा होत्या त्या दोन टोकांच्या. यंत्र शिकविणारी पुण्याची अभियांत्रिकी शाळा १८५४ सालची. तार-टेलिफोन खात्याने आपल्या लोकांसाठी १९४२ मध्ये जबलपूरला प्रशिक्षण केंद्र काढले. दुसऱ्या टोकाला वृत्तपत्रविद्या. येथे एक गोष्ट अभिमानाने सांगावीशी वाटते. आपल्या देशात विद्यापीठाच्या पातळीवर पत्रकारितेचा अभ्यासक्रम सुरू करण्याचा जो आरंभीचा प्रयत्न झाला तो अलिगढ मुस्लिम विद्यापीठात, १९३८ साली, कुलगुरू सर शाह मुहम्मद सुलेमान यांच्या प्रेरणेने. अभ्यासक्रम दोनच वर्षांत बंद पडला ही खेदाची गोष्ट. त्यानंतर १९४१ मध्ये लाहोरला पंजाब विद्यापीठाने विभाग काढला. आणि १९५२ मध्ये नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात, अमेरिकेहून आलेल्या प्रा. रोलंड वूल्झली यांच्या हाताखाली, पत्रकारितेचा विभाग उघडला. तेव्हा आपला बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि नागपूर ही आपली राजधानी. म्हणजे ही विद्या आपल्या दाराशी फार लवकर आली होती. आपण दार उघडले नाही.

स्वातंत्र्याच्या वेळी साऱ्या देशात जेमतेम ऐंशी हजार टेलिफोन होते. पुढची चाळीस वर्षे फोन मागणाऱ्याला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. १९७१ मध्ये नारायणगावजवळ आर्वी येथे उपग्रहाशी बोलणारे केंद्र उभे राहिले आणि महाराष्ट्रातून परदेशाशी थेट संपर्क होऊ लागला. पण त्याच महाराष्ट्रातील बहुतेक खेड्यांना तालुक्याला फोन लावणे जमत नव्हते. याला तंत्राचा मागासपणा म्हणता येणार नाही. आधी कोणाला द्यायचे, याविषयीचा तो निर्णय होता.

१९८४ मध्ये 'सी-डॉट' ही सरकारी संशोधन संस्था निघाली. तिने खेड्याला चालेल असे लहान एक्स्चेंज बनविले. ते वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हाळ्यात चालत असे. पहिल्यांपैकी एक १९८६ साली कर्नाटकातील कित्तूरला बसले. त्याच सुमारास पिवळ्या पाट्यांची एस. टी. डी. बूथे सुरू झाली. त्यांतली कल्पना साधी होती: प्रत्येक घरी फोन देता येत नाही ना, मग चौकात एक द्या, आणि तो सांभाळणाऱ्याला बिलावर कमिशन द्या. अपंग बांधवांना या बूथांत प्राधान्य मिळाले आणि अनेक घरे त्यावर चालली. माझ्या मते भारतीय दूरसंचाराच्या इतिहासात इतकी हुशारीची व्यवस्था दुसरी झाली नाही. आणि तिच्यात नवे यंत्र काही नव्हते, नवा हिशेब होता.

मग १९९४ चे दूरसंचार धोरण आले आणि खाजगी कंपन्यांना दार उघडले. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून दिल्लीला पहिला मोबाइल कॉल झाला, पंधरा दिवसांनी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले. १९९७ मध्ये दरांवर देखरेख करणारे नियामक प्राधिकरण, ज्याला आपण 'ट्राय' म्हणतो, ते स्थापन झाले. एकाएकी देशाला अशी माणसे हवी झाली ज्यांना लहरी आणि लिलाव दोन्ही कळतात, कायदा आणि ग्राहक दोन्ही कळतात. ती आणायची कोठून? या गरजेतून १९९६ मध्ये पुण्यात सिम्बायोसिसने दूरसंचार व्यवस्थापनाची स्वतंत्र संस्था काढली. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी सुरू केलेल्या कामातून वाढलेली ही संस्था. दूरसंचाराची शाखा आज लवळे येथे 'डिजिटल आणि दूरसंचार व्यवस्थापन' या नावाने चालते. त्याच समूहाची माध्यम-व्यवस्थापनाची संस्था १९९० पासूनची. दिल्लीच्या आय. आय. टी.नेही २००० साली दूरसंचार तंत्र व व्यवस्थापनाचे विद्यालय उघडले.

तेथे शिकून मनुष्य काय करतो, असे पालक विचारतात. एकच उदाहरण देतो. १९९५ मध्ये मोबाइलवर बोलण्याचा दर मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात होता आणि आलेल्या फोनलाही पैसे पडत. कंपन्यांनी परवान्यांसाठी अवाच्या सव्वा बोली लावल्या होत्या, ती रक्कम भरता भरता त्या बुडायला लागल्या. १९९९ च्या नव्या धोरणाने ठरविले की ठोक परवाना-फी नको, उत्पन्नातला वाटा द्या. २००३ मध्ये येणारे कॉल मोफत झाले. फोन तेच, मनोरे तेच, पण एका नियमाने भाजीवाल्याच्या आणि गवंड्याच्या खिशात फोन गेला. १९९९ च्या धोरणात उद्दिष्ट होते २०१० पर्यंत शंभर माणसांमागे पंधरा फोन. प्रत्यक्षात ते पन्नासाच्या वर गेले. त्याच धोरणात खेड्यांचा आकडा शंभरामागे ०.४ इतका नोंदलेला आहे. हजार माणसांच्या गावात चार फोन! गावांसाठी म्हणून कंपन्यांच्या उत्पन्नातून वेगळा निधी काढण्याची तरतूद झाली ती याचसाठी. दर कसा ठरवावा, लहरींचा लिलाव कसा करावा, तोट्याच्या गावात मनोरा कोणाच्या पैशाने उभारावा, हे प्रश्न या अभ्यासक्रमात येतात. आपल्या गावाकडचे मूल त्या वर्गात बसले, तर 'तोट्याचे गाव' या शब्दांपुढे ते थोडे थांबेल, एवढी मला खात्री आहे.

माध्यमांच्या बाबतीत पालकांची शंका वेगळी असते. टी. व्ही. आणि सिनेमाच्या धंद्यात मूल बिघडेल, असे त्यांना वाटते. परंतु पडद्यावर दिसणारे थोडे आणि मागे हिशेब, हक्क, जाहिरात, वितरण पाहणारे पुष्कळ असतात. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आकाशातील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सार्वजनिक म्हणजे आपलीही. मग त्यांच्या कारभारात आपली मुले, आणि विशेषतः मुली, का नसाव्यात? आपल्या समाजाविषयी काय दाखविले जाते याची तक्रार आपण चहाच्या टेबलावर करतो. काय दाखवायचे हे ठरविणाऱ्या टेबलावर आपले कोणी नसते. दिल्लीच्या जामिया मिल्लियात १९८२ साली अन्वर जमाल किदवई यांनी जनसंचार केंद्र उभारले, तेथून निघालेले विद्यार्थी आज देशभर आहेत. भारतीय जनसंचार संस्थेचे एक केंद्र २०११ पासून आपल्याच विभागात, अमरावतीला आहे आणि तेथे मराठी पत्रकारिता शिकवतात. त्याच संस्थेने दिल्लीत २०२४ पासून माध्यम-व्यवसायाचा एम. ए. सुरू केला आहे.

एक गोष्ट लपवीत नाही. या क्षेत्रात सोन्याच्या खाणी नाहीत. २०१६ मध्ये स्वस्त डेटाची लाट आली, तेव्हा एकेकाळी दहा-बारा असलेल्या मोबाइल कंपन्यांतून देशभर चालणाऱ्या चारच उरल्या आणि पुष्कळांच्या नोकऱ्या गेल्या. खाजगी संस्थांची फी लाखांत असते. कर्ज काढण्यापूर्वी त्या संस्थेतून मागील वर्षी किती जणांना, कोठे, किती पगारावर नोकरी लागली हे लेखी मागावे. सरकारी संस्थांची फी कमी असते, पण तिथे चढाओढ मोठी.

व्यवस्थापनासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते, त्यामुळे बी. ए., बी. कॉम. झालेल्यांनी मागे राहू नये; मात्र केवळ दूरसंचाराच्या काही जागांसाठी विज्ञान किंवा अभियांत्रिकी मागतात, ते माहितीपत्रकात पाहून घ्यावे. सिम्बायोसिससाठी 'स्नॅप' ही परीक्षा असते, ती बहुधा डिसेंबरात होते. राज्यातील एम. बी. ए.साठी शासनाची सी. ई. टी. वेगळी, तिच्यातून मिळालेल्या जागांना फी-सवलतीच्या योजना लागू होऊ शकतात. केंद्रीय विद्यापीठांच्या अनेक अभ्यासक्रमांना 'सी. यू. ई. टी.' लागते. तिन्ही परीक्षांत इंग्रजी किंवा अंकगणित यांवाचून निभाव लागत नाही, म्हणून आठवी-नववीपासून शेकडेवारी आणि व्याजाची उदाहरणे पक्की करून घ्या. उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा असल्यास तोही आधीच काढून ठेवावा. ऐन प्रवेशाच्या वेळी चिखलीच्या तहसीलीत गर्दी असते.