जिथं हात पोचत नाही

राउटरला ‘शो एन्व्हायर्नमेंट’ अशी आज्ञा टाइप केली की तो आपली हकीकत सांगू लागतो. हवा आत शिरते तिथं २६ अंश, बाहेर पडते तिथं ३८. पाच व्होल्टची लाइन ५.०६ वर. पंखे ठीक. पहिला पॉवर सप्लाय ठीक. दुसरा: ‘नॉट फंक्शनिंग’. ही शेवटची ओळ वाचून नेटवर्क सांभाळणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. राउटर तर झकास चाललेला असतो, आणि दुसरा सप्लाय कधी गेला याचा कुणालाच पत्ता नसतो.

यंत्राचा ताप लांबून, विजेच्या तारेवरून वाचायचा ही युक्ती संगणकवाल्यांची, असं आपण धरून चालतो. पण कूळ शोधत मागे गेलं तर माग लागतो तो एका जहाजाच्या पोटात.

रंगून ते सिंगापूर अशी समुद्राखालून तार टाकायचं ब्रिटिश सरकारनं ठरवलं होतं. साल १८६०. मैलोन्‌मैल लांबीची तार गुंडाळ्या करून जहाजात रचली गेली. मध्ये तांबं, त्यावर गटापर्चाचं वेष्टण, त्यावर ताग आणि बाहेरून लोखंडी तारांचं चिलखत. ओल लागली की लोखंड गंजायला लागतं, आणि गंजताना उष्णता सुटते. ओल्या गवताची गंजी बाहेरून गार आणि आतून धगधगती असते, तसा हा प्रकार. गटापर्चा हा झाडाचा चीक. तो तापला की मऊ पडतो, आतलं तांबं सरकतं आणि तार समुद्रात उतरण्याआधीच वाया जाते. वरच्या थराला हात लावून काहीच कळणार नव्हतं आणि खाली थर्मामीटर घेऊन जायला वाट नव्हती.

तार तपासणाऱ्या विल्यम सीमेन्स यांनी यावर तोड काढली. तांब्याचा विद्युतरोध दर सेल्सिअस अंशाला साधारण ०.४ टक्क्यानं वाढतो, ही गोष्ट जाणकारांना माहीत होती. त्यांनी बारीक तांब्याच्या तारेची वेटोळी केबलच्या थरांमध्ये ठेवली, त्यांची टोकं बाहेर आणली आणि वर बसून रोध मोजायला सुरुवात केली. आकडा चढत गेला. आतलं तापमान ८६ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३० सेल्सिअसपर्यंत गेल्याचं दिसलं. वरचा थर गारच असल्यानं लोकांचा विश्वास बसेना. मग गुंडाळ्यांवर थंड पाणी सोडलं, ते खालून चांगलं कोमट होऊन निघालं, तेव्हा शंका मिटली. सीमेन्स यांनी ही हकीकत १८६१ साली प्रसिद्ध केली. पुढे १८७१ मध्ये रॉयल सोसायटीसमोर त्यांनी तांब्याऐवजी प्लॅटिनमची तार सुचवली. प्लॅटिनमचा तो तापमापक कारखान्यांत आजही राबतो आहे. ज्या तारेनं हा शोध लावायला भाग पाडलं ती मात्र रंगूनला गेलीच नाही. तिची रवानगी माल्टा ते अलेक्झांड्रिया मार्गावर झाली.

तारेच्या तापाची ही धास्ती पुढे मुंबईपर्यंत आली. १८७० मध्ये मुंबई ते एडन तार टाकायला ‘ग्रेट ईस्टर्न’ हे अजस्र जहाज आलं, तेव्हा त्याला पांढरा रंग दिलेला होता. उन्हानं आतल्या टाक्यांमधली तार तापू नये हा हेतू. डेटा सेंटरच्या छताला पांढरा लेप देणाऱ्यांनी आपली वंशावळ इथपर्यंत न्यायला हरकत नाही.

ताप सीमेन्स यांनी मोजला. व्होल्टेज आणि पॉवर सप्लायवर पहारा ठेवायची शिस्त आली ती टेलिफोन एक्स्चेंजमधून. एक्स्चेंज चालायचं ४८ व्होल्टवर: दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल एकापुढे एक जोडलेले. बाहेरची वीज गेली तरी फोन चालू राहावा म्हणून ही बॅटरीची खोली. पण हजारो फ्यूजांमधला नेमका कुठला उडाला हे कसं कळावं? त्यासाठी अमेरिकेत एक गमतीदार फ्यूज वापरात आला, ग्रासहॉपर नावाचा. त्यातली बारीक तार एका स्प्रिंगला ताणून धरते. तार वितळली की स्प्रिंगची पट्टी टुणकन उडते. तिच्या टोकाचा रंगीत मणी वर येतो आणि पट्टी अलार्मच्या सळईला टेकते. घंटा वाजते, दिवा लागतो. मणी बघून माणूस थेट जागेवर जातो. फ्यूज स्वतःच आपल्या मरणाची वर्दी देतो, इतकं सरळ डिझाइन मला तरी आजच्या सॉफ्टवेअरमध्ये क्वचित दिसलंय. राउटरच्या पुढच्या बाजूला मेजर अलार्मचा लाल आणि मायनरचा पिवळा दिवा असतो. ती वाटणी याच एक्स्चेंजवाल्यांच्या घरातली.

आता राउटरचे आजोबा. १९६९ मध्ये बीबीएन या कंपनीनं अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यासाठी ‘इंटरफेस मेसेज प्रोसेसर’ बनवला, म्हणजेच आयएमपी. आत हनीवेलचा डीडीपी-५१६ संगणक, आणि पेटी लष्करी मजबुतीची, फ्रिजएवढी. या कामाचे प्रमुख फ्रँक हार्ट यांनी एवढी भक्कम पेटी घेण्यामागे एक कारण असंही होतं की विद्यापीठातल्या उत्साही विद्यार्थ्यांनी तिच्यात हात घालू नयेत. ऑपरेटर शेजारी बसणार नाही हे गृहीत धरूनच सगळी रचना होती. वीज जाताना यंत्राला इशारा मिळे, प्रोग्राम नीट थांबे आणि वीज आली की आपोआप सुरू होई. चुंबकीय कोअर मेमरीमुळे वीज गेली तरी त्यातलं काही पुसलं जात नसे. शिवाय प्रत्येक आयएमपी ठरावीक वेळानं मॅसॅच्युसेट्समधल्या केंद्राकडे अहवाल पाठवी. कुठली लाइन चालू, कुठली बंद, रहदारी किती. त्यामुळे केंद्रातली माणसं टेलिफोन कंपनीला फोन करून दूरच्या दोन शहरांमधली लाइन बिघडल्याचं कळवत, आणि पलीकडचा माणूस चक्रावून जाई. बिघाड त्याच्या गावात आणि तो सांगतोय भलताच कुणी!

पेटीतलं तापमान आणि व्होल्टेज राउटरनं शब्दांत सांगण्याची गोष्ट ठळक झाली ती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. सिस्कोच्या एजीएस प्लस राउटरसाठी एन्व्हीएम नावाचं वेगळं कार्ड मिळायचं. त्याच्या मॅन्युअलमधला नमुना बघण्यासारखा आहे. आतलं तापमान किती, किती अंशांवर आपण बंद होणार, हवेचा झोत बरा दिसतो की नाही, मग अधिक-उणे पाच आणि अधिक-उणे बारा व्होल्टच्या लाइनी. आणि कार्ड कुठल्या तारखेला कॅलिब्रेट केलं तेही, वर ते करणाऱ्या तंत्रज्ञाच्या नावाची आद्याक्षरं! वजनकाट्यावर शिक्का असतो, तेवढी जबाबदारी त्या ओळीत आहे. बंद होण्याची मर्यादा नमुन्यात ४३ अंश दाखवली होती, तीही पेटीच्या आतली. चंद्रपूरच्या मे महिन्यात बाहेरच ४५ च्या वर जातं. तिथं एसी बिघडला तर या राउटरनं दुपारी रामराम ठोकला असता.

पुढच्या ७००० मालिकेत नॉर्मल, वॉर्निंग, क्रिटिकल, शटडाउन अशा पायऱ्या पक्क्या झाल्या. बंद होण्याआधीची शेवटची मापं वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत लिहून ठेवायची सोयही आली. ही सगळ्यात उपयोगी. नाहीतर खोली गार झाल्यावर पोचलेल्या माणसाला यंत्र का बंद पडलं हे कळणार कुठून?

इकडे मोजणारा भाग आक्रसत गेला. सिलिकॉनच्या जोडावरचं व्होल्टेज दर अंशाला साधारण दोन मिलिव्होल्टनं उतरतं. चिप बनवणाऱ्यांसाठी ही कटकट होती, तिचाच तापमापक झाला. फिलिप्सनं १९८२ मध्ये आय-स्क्वेअर-सी ही दोन तारांची वाहिनी आणली होती. तिच्यावर असे सेन्सर ओळीनं टांगता येऊ लागले. आज फायबर जोडायचं बोटभर मॉड्यूलसुद्धा स्वतःचं तापमान, ३.३ व्होल्टचा पुरवठा, लेझरचा करंट आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रकाशाची ताकद सांगतं.

मोजणं स्वस्त झालं, पण सांगायचं कुणाला आणि कुठल्या भाषेत? १९८८ मध्ये एसएनएमपी हा प्रोटोकॉल आला. यंत्रानं स्वतःहून द्यायचे सहा ठरलेले इशारे त्यात होते: यंत्र सुरू झालं, लाइन पडली, लाइन आली, वगैरे. तापमान त्यात नव्हतं. ते प्रत्येक कंपनीनं आपापल्या पद्धतीनं सांगायचं. परिणाम ठरलेला. दहा कंपन्यांचे राउटर, दहा तऱ्हांची तापमानं. सगळ्यांना एक तक्ता मिळायला डिसेंबर २००२ उजाडला: आरएफसी ३४३३ हा मानक दस्तऐवज. सेल्सिअस, व्होल्ट, अँपिअर, वॅट, पंख्याचे फेरे, सगळं त्यात आहे. एक गोष्ट नाही: किती अंश म्हणजे जास्त. आकडा कसा सांगायचा यावर एकमत झालं, घाबरायचं कधी हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

आणि इथंच दोन पॉवर सप्लायचं दुखणं आहे. एक गेला तर दुसऱ्यानं भार उचलावा म्हणून दोन बसवतात. तो उचलतो, बिनबोभाट. त्यामुळे पहिल्याचा बिघाड दिसायचा बंद होतो आणि कळतो तो दुसरा गेल्यावर, म्हणजे सगळं अंधारात गेल्यावर. जोडी बसवून तिच्यावर नजर ठेवली नाही तर बिघाड टळत नाही, फक्त झाकला जातो. माझ्या मते राउटरमधला सर्वांत मोलाचा सेन्सर तापमानाचा नव्हे, सप्लाय जिवंत आहे का एवढंच सांगणारा आहे. इशाऱ्याचा निरोप पोचेलच याचीही खात्री नसते. एसएनएमपीचा ट्रॅप, म्हणजे यंत्रानं स्वतःहून दिलेला इशारा, एकदा पाठवला की पोच मागत नाही. पूर्ण वीज गेली तर काही उपकरणं कपॅसिटरमधल्या उरलेल्या विजेवर क्षणभरात एक शेवटचा संदेश धाडतात. त्याला ‘डाइंग गॅस्प’ म्हणतात, आणि तो वाटेतच हरवू शकतो.

तुमच्या ऑफिसात, बँकेत, शाळेत दोन सप्लायचा राउटर असेल तर आधी दोन्ही वायरी कुठं जातात ते बघा. एकाच एक्स्टेंशन बोर्डात खोचलेल्या असतील तर दुसऱ्या सप्लायचे पैसे पाण्यात गेले. मग रात्री कामकाज संपल्यावर, वरिष्ठांना सांगून, एक वायर मुद्दाम काढा आणि पाच मिनिटं थांबा. कुणाच्या तरी मोबाइलवर इशारा यायला हवा. आला नाही, तर दुसरी वायर काढायच्या आत तो का आला नाही ते शोधून काढा.