आकाशांतली आघाडी

युरोपांतील वसंत ऋतु म्हटला कीं, इंग्रजी काव्य वाचून पदवीधर झालेल्या आपल्यासारख्यांच्या डोळ्यांपुढें कोवळें ऊन आणि फुललेलीं कुरणें उभीं राहतात. प्रत्यक्षांत मात्र एप्रिल-मे महिन्यांत वायव्य युरोपांतला मनुष्य घराबाहेर पडतो तो बहुधा छत्री घेऊन. तेथील दोन दिवसांचें हवेचें भाकित साधारणतः या थाटाचें असतें : पहांटेपासून संततधार; दुपारीं वारा फिरून जोराची सर, मागाहून उघडीप; उद्यां सायंकाळीं दुसरी आघाडी येऊन पुन्हां पाऊस. या दोन ओळींत नवल वाटण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु त्यांतला 'आघाडी' हा एक शब्द मिळण्यासाठीं एक महायुद्ध, एका राष्ट्राची अन्नटंचाई आणि एका तत्त्वनिष्ठ पंडिताची माघार, एवढ्या गोष्टी खर्चीं पडल्या आहेत.

हवेचें भाकित करणें हा पूर्वीं नांव घालविण्याचा धंदा होता. चार्लस डार्विनला 'बीगल' जहाजावरून जगप्रवास घडविणारा कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय याचा अनुभव पाहावा. १८५९ च्या ऑक्टोबरांत 'रॉयल चार्टर' हें जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर फुटून चारशेंहून अधिक माणसें प्राणास मुकलीं. तेव्हां फिट्झरॉयनें तारायंत्राच्या साह्यानें बंदरांना वादळाच्या सूचना देण्याची व्यवस्था उभारली, आणि १८६१ च्या ऑगस्टपासून लंडनच्या 'टाइम्स' पत्रांत रोजचीं भाकितें येऊं लागलीं. कोळ्यांना व खलाशांना त्यांचा आधार वाटे. विद्वानांना तीं अशास्त्रीय वाटत. आणि चुकलेल्या भाकितांची थट्टा तर कोणीहि करी. अनेक चिंतांनीं आधींच खचलेल्या या गृहस्थानें ३० एप्रिल १८६५ रोजीं, ऐन वसंतांत, आत्महत्या केली. पुढच्याच वर्षीं तीं भाकितें बंद करण्यांत आलीं.

विद्वानांचा आक्षेप अगदींच खोटा नव्हता. असा नकाशा पूर्वीं दिसला होता तेव्हां पुढें काय झालें, एवढ्या आठवणीवरच सारी मदार असे. नॉर्वेचे विल्हेल्म ब्यर्कनेस यांनीं १९०४ मध्यें निराळा मार्ग दाखविला. वातावरणाची आजची स्थिति नेमकी कळली आणि तिच्या बदलाचे भौतिक नियम ठाऊक असले, तर उद्यांची स्थिति गणितानें काढतां आली पाहिजे, असें त्यांचें प्रतिपादन होतें. शेतकऱ्याला उद्यां गवत कापूं कीं नको हें सांगणें हा त्यांचा हेतु नव्हता. शास्त्र अचूक व्हावें, हा त्यांचा ध्यास.

युद्धानें हा ध्यास बाजूला ठेवावयास लावला. १९१३ पासून ते जर्मनींत लाइप्झिग येथें प्राध्यापक होते. त्यांचे विद्यार्थी रणांगणावर गेले आणि १९१७ मध्यें ते मायदेशीं बर्गेन शहरीं परतले. वर्षाकाठीं दोन हजार मिलिमीटरांवर पाऊस पडणारें हें बंदर. कोंकणी माणसाला तेथें फारसें परकें वाटूं नये. नॉर्वे तटस्थ होता, पण परदेशचें धान्य येईनासें झालें होतें. गवत वाळवणें, पीक काढणें, मासे धरणें यांतला एकेक दिवस मोलाचा झाला. तिकडे हवा येते ती पश्चिमेकडून, आणि पश्चिमेच्या ब्रिटननें हवेच्या वार्ता लष्करी गुपित म्हणून रोखून धरलेल्या. ज्या खिडकींतून पाहावयाचें तीच बंद!

१९१८ च्या उन्हाळ्यांत ब्यर्कनेस यांनीं समीकरणें बाजूला ठेवून शेतकऱ्यांसाठीं भाकितें करण्याचें काम पत्करलें. दूरचें दिसत नाहीं, तर जवळचें अधिक बारकाईनें पाहूं, हा त्यांचा उपाय. दीपगृहांचे रखवालदार, पाणबुड्यांवर नजर ठेवणारे नौदलाचे पहारेकरी, कोळी, शेतकरी, अशा लोकांना निरीक्षक नेमून किनाऱ्यावर दाट जाळें विणलें गेलें.

या दाट जाळ्यांत जें सांपडलें तें विरळ नकाशांतून निसटत होतें. ब्यर्कनेस यांचा एकवीस वर्षांचा मुलगा याकोब याच्या ध्यानांत आलें कीं, वादळी अभिसरणांतला पाऊस सर्वत्र सारखा पसरलेला नसतो. तो दोन रेषांना धरून असतो. त्याचा निबंध १९१९ मध्यें प्रसिद्ध झाला. पहिल्या रेषेवर उबदार हवा थंड हवेच्या पाठीवरून सावकाश चढते. प्रथम पिंजलेल्या कापसासारखे ढग, मग सूर्याला खळें, मग दाटून आलेलें आकाश आणि तासन् तास रिपरिप. ती ओलांडली कीं हवा कोंदट. मग दुसऱ्या रेषेवर थंड हवा पाचरीसारखी खालून घुसून उबदार हवेला उचलून फेंकते. वारा नैर्ऋत्येकडून वायव्येकडे फिरतो, झोडपणारी सर येते आणि पाठोपाठ निळें आकाश. वसंतांत जमीन उन्हानें तापूं लागलेली असल्यामुळें या थंड हवेंतहि मधूनमधून सरी येतात. दोन हवांच्या झुंजीच्या या रेषांना नुकत्याच संपलेल्या युद्धावरून 'आघाडी' हें नांव मिळालें.

गणिताची वाट मात्र अजून बिकट होती. लुई फ्राय रिचर्डसन या शांततावादी इंग्रजानें फ्रान्समध्यें जखमींची ने-आण करीत असतां, ब्यर्कनेस यांनींच लाइप्झिगला जुळविलेल्या आंकड्यांवरून, २० मे १९१० या वसंतांतल्या एका दिवसाचा सहा तासांतील बदल हातानें मोजून काढला. वायुभार १४५ मिलिबारांनीं वाढेल, असें उत्तर आलें. प्रत्यक्षांत तो जवळजवळ स्थिर होता. रिचर्डसननें ही चूक लपविली नाहीं. १९२२ च्या आपल्या ग्रंथांत ती जशीच्या तशी छापली. १९५० मध्यें अमेरिकेंत इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रावर पहिलीं भाकितें निघालीं, तीं त्याच वाटेनें.

आपल्या मोसमी पावसाचे कायदे वेगळे. दख्खनवर अशा आघाड्या फिरकत नाहींत. तरी या इतिहासांत आपणां सुशिक्षितांना घेण्यासारखें आहे. शुद्ध विद्येनें व्यवहाराच्या पायरीवर उतरूं नये, अशी आपली एक समजूत असते. ब्यर्कनेस उतरले, तें भुकेल्या देशाच्या गरजेनें. आणि जी गोष्ट त्यांना समीकरणांनीं दिली नव्हती ती दीपगृहाच्या रखवालदारानें आणि कोळ्यानें टिपलेल्या आंकड्यांतून हातीं लागली. फिट्झरॉयला हसणाऱ्या विद्वानांनीं कोळ्यांचें ऐकलें असतें, तर तो दुर्दैवी कप्तान निदान एकाकी तरी पडला नसता.