एचडीएमआयची तेरावी पिन आणि लिनक्स

दूरचित्रवाणी संच, डिस्क प्लेयर, सेट-टॉप बॉक्स आणि ध्वनिसंच घरात आले की तितकेच रिमोटही येतात. उपकरणांना परस्परांत संदेश पाठवता आले, तर एका रिमोटवर भागेल. युरोपातील स्कार्ट जोडणीवरची 'एव्ही.लिंक' पद्धत याच विचारातून आली. डिसेंबर २००२ मध्ये आलेल्या एचडीएमआय मानकाने तिच्याच धर्तीवर 'कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स कंट्रोल' अर्थात सीईसी ही सोय स्वीकारली. सोनी तिला 'ब्राव्हिया सिंक' म्हणते, सॅमसंग 'ॲनीनेट प्लस', तर एलजी 'सिम्पलिंक'. नावे निराळी, तार एकच. दुकानात मात्र हे क्वचितच कोणी सांगते.

ही तार म्हणजे एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी तेरावी. तिचा वेग अत्यंत मंद आहे. एका बिटला साधारण २.४ मिलिसेकंद लागतात. 'आता चित्र माझ्याकडून येत आहे' एवढा चार बाइटांचा निरोप पोहोचण्यास सेकंदाचा दहावा हिस्सा खर्च होतो. प्रत्येक उपकरणाला ० ते १५ पैकी एक क्रमांक मिळतो. दूरचित्रवाणी संच ०, ध्वनिसंच ५. १५ हा क्रमांक सर्वांना उद्देशून पाठवायच्या संदेशांसाठी आणि नोंदणी न झालेल्या उपकरणांसाठी.

लिनक्समध्ये पूर्वी प्रत्येक चिपची तऱ्हा वेगळी होती. हान्स व्हरकाउल यांच्या पुढाकाराने तयार झालेली सामाईक सीईसी चौकट ऑक्टोबर २०१६ मध्ये कर्नल ४.८ च्या 'स्टेजिंग' या उमेदवारीच्या विभागात आली आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये, ४.१० या आवृत्तीत, मुख्य भागात स्थिरावली. क्रमांक मिळवणे, संदेश पाठवणे आणि उत्तराची वाट पाहणे ही कामे आता कर्नल करतो.

खरी कसोटी निद्रिस्त संचाची. संगणकाला आपला जोडणीतील पत्ता, उदाहरणार्थ १.०.०.०, संचाकडूनच वाचावा लागतो. परंतु काही संच स्टँडबायमध्ये जाताच 'मी जोडलेला आहे' हा संकेतच बंद करतात. संकेत नाही म्हणून पत्ता नाही, आणि पत्ता नाही म्हणून संदेश नाही. मग संचाला जागे करायचे कसे? गंमत अशी की, अशा संचांची सीईसी तार त्या अवस्थेतही ऐकत असते. म्हणून लिनक्सने अपवाद ठेवला: पत्ता नसतानाही १५ या क्रमांकावरून केवळ ० क्रमांकाच्या संचाला संदेश धाडता येतो. जिथे हार्डवेअर साथ देते, तिथे एवढ्यावर संच उठतो.

प्रणाली सज्ज असली तरी बहुसंख्य डेस्कटॉप ग्राफिक्स कार्डांवर ही तेरावी पिन कशालाच जोडलेली नसते, आणि त्यावर कोणत्याही सॉफ्टवेअरचा इलाज नाही. डिस्प्लेपोर्टचे एचडीएमआयमध्ये रूपांतर करणारे मोजके ॲडॉप्टर सीईसी संदेश पुढे नेतात; त्यांना कर्नल ४.१९ (२०१८) पासून आधार आहे. आपल्या संगणकावर सोय आहे का, हे पाहण्यासाठी 'डेव्ह' डिरेक्टरीत 'सीईसी०' नावाची फाइल शोधावी. ती असेल, तर 'सीईसी-सीटीएल' ही आज्ञा वापरून तारेवरील उपकरणांची यादी मिळवता येते.