आकाशाचे भय आणि रस्त्याचा विश्वास

मनुष्य ज्याला अधिक भितो तेच त्याचा अधिक घात करते, असे नाही. विमान आणि मोटार या दोन वाहनांचा इतिहास याची साक्ष देतो.

१७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही स्त्री मोटारीखाली सापडून मरण पावली. अपघाती मृत्यू, असा निर्णय झाला आणि मोटारी धावतच राहिल्या. १७ सप्टेंबर १९०८ रोजी अमेरिकेत फोर्ट मायर येथे ऑर्व्हिल राइट चालवीत असलेले विमान पंखा मोडून कोसळले व लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज प्राणास मुकला. विमानाचा तो पहिला बळी. पुढे मोटारीविषयीचे भय ओसरले, विमानाविषयीचे मात्र टिकले.

या टिकलेल्या भयानेच विमानाचे कल्याण केले. १९५४ साली ‘कॉमेट’ जातीची दोन जेट विमाने, एक जानेवारीत एल्बा बेटाजवळ व दुसरे एप्रिलमध्ये नेपल्सनजीक, समुद्रात पडली. लोक हादरले, उड्डाणे थांबली. इंग्लंडमध्ये फार्नबरो येथे तशाच एका विमानाचे धड पाण्याच्या टाकीत ठेवून त्यात पुन्हा पुन्हा दाब चढविला व उतरविला, तेव्हा धातू थकून फाटतो हे उघड झाले. तो धडा साऱ्या जगाच्या विमानबांधणीत उतरला.

रस्त्यावरील मृत्यू एकेकटे येतात आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात चार ओळींत विसावतात. शिवाय चाक आपल्या हाती असले की दैवही आपल्या मुठीत आहे, असे वाटते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अनेक अमेरिकनांनी विमान टाळून मोटार पत्करली. त्यामुळे पुढील बारा महिन्यांत रस्त्यांवर सुमारे १,५०० माणसे अधिक दगावली, असा जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर यांचा अंदाज आहे.

आपल्याकडे १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत विमान कोसळून २६० जीव गेले. सारा देश सुन्न झाला, आणि ते योग्यच होते. परंतु २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. म्हणजे दररोज सुमारे ४६०. या आकड्याने आपले पाऊल क्षणभरही अडखळत नाही.

विमानाच्या भयाचा थोडा वाटा रस्त्यालाही मिळावयास हवा. कारण सापडेपर्यंत स्वस्थ न बसणे, हे त्या भयाचे सत्त्व आहे. तेवढे जरी रस्त्यावर उतरले, तरी सकाळी घरून निघालेली कितीतरी माणसे सायंकाळी घरी पोहोचतील.