वडसा, २६ मार्च १९७२

रेल्वे स्टेशनच्या पाटीवर वडसा, सरकारी कागदावर देसाईगंज. लोक या गावाला झाडीपट्टीच्या नाटकांसाठी ओळखतात. मला, वकिलीला लागल्यापासून, ते तिथल्या पोलीस ठाण्यामुळं आठवतं.

तेव्हा गाव चंद्रपूर जिल्ह्यात होतं. भावानं दिलेल्या तक्रारीवरून एका आदिवासी मजूर मुलीला त्या रात्री ठाण्यात आणलं. डॉक्टरांच्या अंदाजानं वय चौदा ते सोळा. जबाब झाले, इतरांना बाहेर पाठवलं, तिला थांबवून घेतलं. दिवा मालवलेला, दार बंद. घरचे बाहेरून हाका मारत राहिले. ती बाहेर आली आणि पोलिसानं काय केलं ते तिनं तिथंच सगळ्यांना सांगितलं.

वैद्यकीय तपासणी झाली दुसऱ्या दिवशी रात्री आठला. अंगावर जखम नाही, असं कागदावर आलं आणि ती एकच ओळ खटल्याला पुरून उरली. १९७४ मध्ये सत्र न्यायालयानं दोघा पोलिसांना सोडलं, तिला खोटारडी ठरवलं. १९७६ मध्ये नागपूर खंडपीठानं निकाल फिरवला: भीतीपोटी निमूट राहणं वेगळं, संमती वेगळी. एकाला पाच वर्षं, दुसऱ्याला एक वर्ष. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोघांनाही निर्दोष ठरवलं. जखमा नाहीत, म्हणजे तिनं विरोध केला नाही. रात्रीच्या वेळी, ठाण्यात, खाकी वर्दीपुढं एका मजूर पोरीनं झटापट करायची होती! हा निकाल वाचताना माझा आजही संताप होतो.

वर्षभरानं उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. न्यायालय चुकलं, हे त्यांनी सही करून सांगितलं. १९८० च्या ८ मार्चला गावोगावच्या बाया रस्त्यावर उतरल्या. फेरविचार मात्र झाला नाही. तिच्या पदरात काहीच पडलं नाही.

पडलं ते मागून आलेल्यांच्या. १९८३ च्या दुरुस्तीनं कोठडीतल्या बलात्काराला किमान दहा वर्षांची शिक्षा आली. पुरावा कायद्यात ११४-अ आलं: अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाई कोर्टात म्हणाली की संमती नव्हती, तर न्यायाधीशानं ती नव्हती असंच धरून चालायचं. सुनावणी बंद दाराआड. आणि दंड संहितेत २२८-अ: पीडितेचं नाव छापायचं नाही. तिचं स्वतःचं नाव तोवर निकालांत, वर्तमानपत्रांत, फलकांवर, घोषणांत सगळीकडं गेलं होतं. म्हणून मी ते इथं लिहिलेलं नाही.

मागच्या पावसाळ्यात एक आई मुलीला घेऊन माझ्याकडं आली. मुलगी खालमानेनं ओढणीचं टोक पिळत होती. शिक्षा किती होईल, हे आईनं विचारलंच नाही. म्हणाली, "वकीलबाई, पोरीचं नाव पेपरात तं नाही ना येणार?"

तेच कलम आता न्याय संहितेत ७२ आहे. मी पुस्तक उघडून तिच्यापुढं ठेवलं आणि बोट ठेवून सावकाश वाचून दाखवलं.