लंडनचा शब्द, बारा वर्षं उशिरा

१० ऑगस्ट २०१७, गुरुवार. तेव्हा मी ऑनसाइट लंडनला होतो. त्या दिवशी लॅपटॉप जरा लवकरच मिटला आणि स्ट्रॅटफर्डच्या ऑलिंपिक स्टेडियमवर जाऊन बसलो. जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा चालू होती, भालाफेकीची पात्रता फेरी होती. आपला एक १९ वर्षांचा मुलगा ८२.२६ मीटरवर अडकला आणि बाहेर पडला. नाव नीरज चोप्रा. दविंदरसिंग कांग मात्र शेवटच्या फेकीवर फायनलला गेला. आमच्या रांगेत ओरडणारा मी एकटाच.

सोबत ऑफिसातला एक सहकारी होता, पन्नाशीचा, एडमंटन भागात वाढलेला. मध्येच म्हणाला, "हे सगळं २००५ सालीच व्हायचं होतं. तेसुद्धा आमच्या घराजवळ."

"मग?"

"मग काय, स्टेडियम बांधायचं राहून गेलं!"

मला वाटलं गंमत करतोय. घरी येऊन वाचत बसलो आणि रात्रीचे दोन वाजले. तर मंडळी, ती गोष्ट अशी.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी जुनं वेम्बली पाडून नवं राष्ट्रीय स्टेडियम बांधायचं घाटत होतं. लॉटरीच्या पैशांतून १२ कोटी पौंड मिळाले. अट अशी की, फुटबॉलबरोबर अ‍ॅथलेटिक्सचीही सोय हवी. आता गंमत बघा. फुटबॉलच्या प्रेक्षकाला मैदानाला चिकटून बसायचं असतं आणि ४०० मीटरचा ट्रॅक आखला की तोच प्रेक्षक लांब जातो. मग तोडगा निघाला की गरज पडेल तेव्हा खालच्या खुर्च्या झाकून वर एक भलामोठा प्लॅटफॉर्म उभारायचा आणि त्यावर ट्रॅक टाकायचा. तो उभारायला काही महिने, काढायला पुन्हा वेळ. आमच्या भाषेत याला 'वर्कअराउंड' म्हणतात, आणि तो डेमोपुरताच चालतो. डिसेंबर १९९९ मध्ये संस्कृती, माध्यम आणि क्रीडा खात्याचे मंत्री ख्रिस स्मिथ यांनी अ‍ॅथलेटिक्सला वेम्बलीतून बाहेर काढलं.

पण २००५ ची जागतिक स्पर्धा तर आणायची होती. मग उत्तर लंडनमध्ये, ली नदीच्या खोऱ्यात, पिकेट्स लॉक नावाची जागा शोधली गेली. त्या जागेच्या भरवशावर लंडनने बोली लावली आणि एप्रिल २००० मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने यजमानपद देऊनही टाकलं. वेम्बलीचा निर्णय होऊन जेमतेम चार महिने झाले होते. हातात काय, तर जमीन, काही चित्रं आणि एक आकडा. आपल्याकडे 'बाजारात तुरी' म्हणतात ना, अगदी तेच.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. सुमारे ४३,००० खुर्च्यांचं स्टेडियम. लॉटरीकडून मिळणार ६ कोटी पौंड आणि खर्चाचा अंदाज चढत चढत १० कोटींच्या पुढे. हजारो माणसं रोज तिथे पोचणार कशी, याचंही धड उत्तर नाही. २००१ च्या निवडणुकीनंतर नव्या मंत्री टेसा जोवेल आल्या. त्यांनी पॅट्रिक कार्टर यांना हिशोब तपासायला सांगितला आणि त्या ऑक्टोबरमध्ये सरकारने प्रकल्प रद्द केला. म्हणाले, लंडनऐवजी शेफील्डला घ्या.

शेफील्डची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. तिथलं डॉन व्हॅली स्टेडियम १९९१ च्या जागतिक विद्यार्थी स्पर्धेसाठी बांधलेलं. त्या स्पर्धेचं कर्ज शहर पुढे कित्येक वर्षं फेडत राहिलं. म्हणजे यजमानपदाचं बिल अजून चुकतं करत असलेल्या गावाकडे दुसरं यजमानपद ढकलायचं! महासंघ म्हणाला, आम्ही लंडनला होकार दिला होता, शेफील्डला नाही. बोली पुन्हा उघडली आणि २००२ मध्ये स्पर्धा हेलसिंकीला गेली.

हेलसिंकी म्हटलं की आपल्याला आठवतात ते खाशाबा जाधव. १९५२ चं कांस्यपदक त्यांनी याच शहरात मिळवलं. तिथलं ऑलिंपिक स्टेडियम १९३८ मध्ये उभं राहिलं, १९४० च्या ऑलिंपिकसाठी. युद्धामुळे ते ऑलिंपिक झालंच नाही. पण स्टेडियम टिकलं. १९५२ चं ऑलिंपिक तिथे झालं, १९८३ ची पहिलीवहिली जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा झाली आणि लंडनने हात वर केल्यावर २००५ चीही झाली. पावसाने इतकं झोडपलं की कार्यक्रम थांबवावा लागला. तरी इसिनबायेवाने ५.०१ मीटरचा विश्वविक्रम केलाच. हेलसिंकीला चित्रं दाखवायची गरजच नव्हती.

मला स्वतःला हे प्रकरण लागलं, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका प्रपोजलमध्ये मी १४ महिन्यांचा अंदाज दिला होता. वरून सांगण्यात आलं, "९ लिही, नाहीतर काम जाईल." मी ९ लिहिले. काम आलं. पुढची दोन वर्षं माझ्या टीममधल्या मुलांनी शनिवार-रविवार घातले आणि शब्द देणारे आम्ही मीटिंगमध्ये कारणं देत राहिलो. बोलीचं असंच असतं. टाळ्या आज मिळतात, बिल पाच वर्षांनी येतं आणि ते बहुधा दुसऱ्याच कोणाच्या टेबलावर येतं. म्हणून मला वाटतं, २००१ मधला नकार बरोबर होता. पैसे नसताना रेटून नेण्यापेक्षा रद्द करणं केव्हाही बरं. चूक होती ती एप्रिल २००० च्या होकारात.

आता उत्तरार्ध. ६ जुलै २००५ ला सिंगापूरमध्ये लंडनने पॅरिसला ५४-५० असं हरवून २०१२ चं ऑलिंपिक मिळवलं. बरोब्बर एक महिन्याने, ६ ऑगस्टला, हेलसिंकीत ती लंडनने सोडलेली स्पर्धा सुरू झाली! लंडनने या वेळी शब्द दिला होता की ऑलिंपिकनंतरही स्टेडियममध्ये ट्रॅक राहील. आणि जुनाच वाद परत आला: फुटबॉल की ट्रॅक? टॉटनहॅमला ट्रॅक काढून टाकायचा होता, वेस्ट हॅम ठेवायला तयार होतं. ऑक्टोबर २०११ मध्ये तो सौदा कोर्टकचेऱ्यांमुळे मोडला. तेव्हा स्टेडियम सरकारी मालकीचंच ठेवून ट्रॅक राखायचं ठरलं. पुढच्याच महिन्यात मोनाकोत २०१७ साठी मतदान झालं. समोर दोहा. दोहाने बक्षिसांची रक्कमही आपण भरू म्हटलं, लंडननेही तेच म्हटलं. लंडन १६, दोहा १०.

शब्द पाळणं स्वस्त पडलं असं मात्र नाही. ट्रॅक आणि फुटबॉल एकत्र नांदावेत म्हणून पुढे-मागे सरकणाऱ्या खुर्च्या बसवल्या. स्टेडियमच्या फेरबांधणीचा अंदाज १९ कोटी पौंड होता, खर्च झाला ३२.३ कोटी. वेस्ट हॅमचं भाडं सुरुवातीला ठरलं वर्षाला २५ लाख पौंडांच्या आसपास, बाकीचा भार करदात्यांवर. पण २०१७ ची सात लाखांहून जास्त तिकिटं खपली, हेही खरंच.

दोहालाही २०१९ ची स्पर्धा मिळाली. उकाड्यामुळे मॅरेथॉन मध्यरात्री ठेवली, तरी महिलांच्या शर्यतीत ६८ पैकी २८ जणींनी ती अर्धवट सोडली. स्टँड बऱ्याचदा रिकामे. पण त्याच ट्रॅकवर आपल्या बीडच्या अविनाश साबळेने स्टीपलचेसच्या फायनलमध्ये ८:२१.३७ अशी वेळ देऊन राष्ट्रीय विक्रम केला. बोली कशीही जिंकलेली असो, धावणारा मनापासूनच धावतो. म्हणून तर शब्द जपून द्यायचा.

२०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार, हे २०२५ मध्ये नक्की झालं. मी हिंजवडीला जाताना बालेवाडीच्या क्रीडानगरीवरून जातो. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी ती बांधली आणि २००८ ची राष्ट्रकुल युवा स्पर्धा तिथेच झाली. हल्ली तिथून जाताना एकच प्रश्न मनात येतो: आपण बोली लावतो ती चित्र दाखवून, की उभं स्टेडियम दाखवून?

आणि हो, ते पिकेट्स लॉक. तिथे २००७ मध्ये एक छोटं अ‍ॅथलेटिक्स केंद्र सुरू झालं. आम्ही २०१७ मध्ये बसलो होतो ते स्टेडियमही त्याच ली नदीच्या खोऱ्यात आहे, खालच्या अंगाला. थोडक्यात काय, लंडनचा शब्द त्या नदीबरोबर काही मैल खाली वाहत आला. पोचायला बारा वर्षं लागली, एवढंच :-)